शहराला बाग नको, पाटकरी हवा

गेल्या काही वर्षांत ‘निसर्गाधारित उपाय’ हा शब्दप्रयोग आपल्या कानांवर वारंवार पडू लागला आहे. २ मार्च २०२२ रोजी नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने त्याची व्याख्या संमत केली, आणि तेव्हापासून शहरांच्या आराखड्यांत, अभियंत्यांच्या परिसंवादांत, इतकेच नव्हे तर शाळकरी मुलांच्या प्रकल्पवह्यांतही तो येऊन बसला. त्याचा आशय कोणालाही पटावा असाच आहे. पावसाचे पाणी गटारात कोंडून गावाबाहेर हाकलण्यापेक्षा ते जमिनीत मुरू द्यावे; उन्हाळ्याच्या काहिलीवर यंत्रापेक्षा सावलीचा उतारा शोधावा; नदीला भिंती घालण्यापेक्षा तिच्या पुराला पसरावयास काठ मोकळा ठेवावा. जे काम निसर्ग फुकट आणि चोख करतो, ते त्याच्या हातून काढून ठेकेदाराच्या हाती देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. या अर्थाशी माझे मुळीच भांडण नाही. माझे भांडण आहे ते आपल्याकडे त्याचे जे भाषांतर झाले त्याच्याशी. आपल्याकडे त्याचे भाषांतर ‘सुशोभीकरण’ असे झाले आहे.

जळगावकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. मेहरूण हे नाव एके काळी बोरांमुळे सर्वतोमुखी होते. फळबागांच्या पुस्तकांत ‘मेहरूण’ ही बोराची एक स्वतंत्र जातच नोंदलेली आहे. त्या बोरींच्या बागा घरांच्या रांगांखाली गेल्या, आणि मग मेहरूणच्या तलावाचे सुशोभीकरण सुरू झाले. काठाने फिरावयाचा मार्ग झाला, दिवे आले, बाके आली. सायंकाळी तेथे चार पावले टाकणे सुखाचे असते हे मी नाकारीत नाही. परंतु तलाव म्हणजे तलावाचा काठ नव्हे. तलावात पाणी येते ते वरच्या अंगाच्या शिवारातून, लहानमोठ्या ओघळींतून. त्या ओघळींवर काय बांधले गेले, त्यांतून आता पाणी येते की सांडपाणी, हे प्रश्न बाक बसवणाऱ्याच्या कक्षेत येत नाहीत. त्याचे देयक बाकांच्या संख्येवर निघते. शहरातून वाहणाऱ्या लेंडी नाल्याचे नाव काढताच आपण नाकाला रुमाल लावतो. तोही मुळात पावसाच्या पाण्याची वाटच होता, याची आठवण किती जणांना आहे?

आता असोद्याकडे वळू. जळगावच्या वेशीला जवळजवळ टेकलेले हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून. १८८० साली येथे जन्मलेली ही निरक्षर शेतकरीण लग्न होऊन जळगावी गेली, १९५१ साली निवर्तली, आणि पुढच्याच वर्षी तिची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून तिचे नाव आहे. ती ज्या मातीशी बोलली ती माती मात्र आता गट नंबरांनी ओळखली जाऊ लागली आहे. भरिताच्या वांग्यांसाठी ज्या पट्ट्याची हिवाळाभर वाट पाहावी, त्यातली काळी कसदार जमीन बिनशेती होते, तिच्यात खडीचे रस्ते आखले जातात, कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा उमटतात आणि प्लॉट पडतात. शहर वाढणार, माणसांना घरे लागणार, हे उघड आहे. आपल्या धर्मग्रामांतील तरुण कुटुंबेही अशा प्लॉटांची चौकशी करीत असतात आणि त्यात गैर काही नाही.

माझा प्रश्न आहे तो दहा टक्क्यांविषयी. मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा खुली सोडावी असा नियम आहे. तिला लहानथोर सगळे इंग्रजीतच ‘ओपन स्पेस’ म्हणतात. गायरान, गावठाण, पाणवठा, खळे या शब्दांमागे वापर होता, हक्क होता, भांडण होते. ‘ओपन स्पेस’मागे काहीच नाही. ज्या जागेला मायबोलीत नाव नाही तिला बहुधा राखणदारही नसतो. प्रथम तिच्यावर बांधकामाचा राडारोडा पडतो, मग कोणीतरी सद्हेतूने कुंपण घालतो, मग सभागृह उभे राहते आणि शेवटी एखादे प्रार्थनास्थळ. कोणत्या धर्माचे हे विचारू नका. निदान या एका बाबतीत आपल्या देशात खरा सर्वधर्मसमभाव नांदतो.

काळ्या मातीचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे त्याला या जागेचे मोल सांगावे लागत नाही. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून खोलवर उतरते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे पाणी फार सावकाश मुरते. म्हणजे या मातीत पाणी मुरवायचे असेल तर ते थोपवून धरावे लागते, बांधाने, आळ्याने, गवताने. पेव्हर ब्लॉक बसवणारा याच्या नेमके उलट करतो. काळी माती फुगते आणि त्याचे काम उखडते, म्हणून तो ती आधी काढूनच टाकतो. मग मुरूम दाबतो, खडी पसरतो, काँक्रीटचा थर देतो आणि त्यावर रंगीत ब्लॉक रचतो. त्यांच्या फटींतून पाणी मुरते असे तो आपल्याला सांगतो. काँक्रीटच्या थराविषयी तो बोलत नाही.

थोडा हिशेब मांडू. जळगावला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका एकराचे अंगण म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्यावर वर्षभरात पडणारे पाणी सुमारे २८ लाख लिटर भरते. शहरातील माणसाला रोज १३५ लिटर पाणी लागते हे सरकारी माप धरले, तर हे ५६ माणसांचे वर्षाचे पाणी झाले. सगळेच काही मुरणार नाही. उन्हाने उडेल, मुळे पितील, काही वाहून जाईल. चौथा हिस्सा मुरला तरी १४ माणसांची सोय झाली. तेच पाणी ब्लॉकवरून वाहिले की घटकाभरात रस्त्यावर येते, रस्त्यावरून नाल्यात आणि नाल्यातून खालच्या वस्तीच्या उंबरठ्यात. खालच्या वस्तीत कोण राहते हे मी सांगावयास नको. आपण मात्र पूर्वी गिरणेवरील दापोऱ्याच्या बंधाऱ्यातून आणि नंतर वाघूर धरणातून नळाने आलेल्या पाण्यावर विसंबून राहिलो, आणि अंगणात पडणारे पाणी हा एक उपद्रव मानू लागलो.

उन्हाचेही तेच. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जाणे ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. आपल्याकडे घरोघरी कूलर आहे, आणि तो कसा चालतो हे शेंबड्या पोरालाही कळते. वाळ्याच्या किंवा गवताच्या ओल्या पडद्यातून कोरडी हवा खेचली की पाणी उडते आणि हवा गार होते. झाड दुसरे काय करते? ते खोलातले पाणी वर ओढते, लक्षावधी पानांतून उडवते आणि भोवतालची हवा गार करते. वर सावली देते, विजेचे देयक देत नाही. खानदेशची उन्हाळी हवा कोरडी आहे म्हणून हा उपाय येथे मुंबईपेक्षा अधिक लागू पडतो. आणि कोणते झाड, याचेही उत्तर आपल्या बायकांनी फार पूर्वी दिलेले आहे. आखाजीला लेकी माहेरी येत तेव्हा झोका बांधला जाई तो कडुनिंबाला. फाल्गुनात पाने गाळून चैत्रात हे झाड हिरवेगार होते आणि ऐन काहिलीत गर्द असते. अशी निंबे रस्तारुंदीत जातात आणि दुभाजकावर कोनोकार्पस लागतो, कारण तो झटपट वाढतो आणि गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. शेजारच्या गुजरात सरकारने २०२३ साली त्या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, ही गोष्ट आपल्या उद्यानप्रेमींनी लक्षात घ्यावी.

झाडे लावण्याविषयी मी विशेष उत्साह दाखवीत नाही याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपण झाडे कमी लावली असे कोण म्हणेल? २०१६ ते २०१९ या चार वर्षांत महाराष्ट्राने ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला. एकट्या २०१९ सालचे लक्ष्य ३३ कोटींचे होते. खड्डे खणले गेले, छायाचित्रे निघाली, आकडे जाहीर झाले. मग त्यांतली जगली किती यावर विधिमंडळात वाद झाला आणि २०२१ साली चौकशीसाठी आमदारांची समिती नेमावी लागली. कायद्याचेही दारिद्र्य नाही. शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आहे. लावणारे हात आहेत, तोडणारे आहेत, कायदा आहे, निधी आहे. नाही तो एवढाच माणूस, की जो वैशाखातल्या दुपारी त्या रोपाला पाणी मिळाले की नाही हे पाहील आणि मिळाले नाही तर ज्याला चार लोक जाब विचारतील.

असा माणूस खानदेशात होता. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूला पांझरेवर, आणि नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम नद्यांवर, तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धती चालत आली. नदीवर बुटका दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि कोणत्या वर्षी कोणत्या फडाला पाणी मिळेल हे गावाने मिळून ठरवावयाचे. पाणी कमी असले तर कोणा एकाचे शेत वाळत नसे. भिजणाऱ्या फडांची संख्याच कमी होई आणि टंचाई सर्वांच्या वाट्याला येई. हे सारे चालवीत असे पाटकरी. कोणाची पाळी, किती घटका, कोठे पाट फुटला, कोणी चोरून दारे धरले, हे त्याने पाहावयाचे. त्याच्यावर हवालदार, पिकांच्या राखणीला जागल्या, आणि सर्वांवर पंच. त्यांचा मोबदला शेतकरी धान्याच्या रूपाने देत. बंधाऱ्याचा गाळ काढण्यास घरटी माणूस जाई. मोठी धरणे, उसाचा लोभ आणि विजेचे पंप आल्यावर ही व्यवस्था मोडत गेली. पण ती शतकानुशतके टिकली ती दगडांच्या बळावर नव्हे. दगड पुरात वाहून जात आणि पुन्हा रचले जात.

कोणी म्हणेल, हे खेड्याचे झाले, शहराचे काय? तर रावेरच्या पलीकडे बुऱ्हाणपुरास जाऊन यावे. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या आणि पुढे मोगलांच्या काळी खानदेशची राजधानी तेच होते. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना तेथे सुभेदार असताना, सातपुड्याच्या पायथ्याचे तापीकडे झिरपणारे भूजल जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करून उताराने शहरात आणले गेले. वर ओळीने शंभरावर कुंड्या, खाली वाहते पाणी. पंप नाही, इंधन नाही. हाच तो कुंडी भंडारा, ज्याला लोक खुनी भंडारा म्हणतात. २०२४ साली त्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आले. चारशे वर्षांपूर्वीच्या या नगररचनेत डोंगर आणि शहर ही एकच गोष्ट होती. डोंगराच्या पायथ्याला पाणी मुरले तरच कुंडीत उतरणार. आज भोवतालच्या कूपनलिका तेच पाणी वरच्यावर उपसतात, बोगद्यांत चुन्याची पुटे साचतात, आणि आपण तिकीट काढून आत उतरतो व पूर्वजांच्या हुशारीबद्दल चुकचुकतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या आदिवासींनी मात्र चुकचुकत न बसता १९९० च्या दशकापासून चैत्राम पवारांच्या पुढाकाराने आपले जंगल राखले, कुऱ्हाडीला दंड बसवला, पाळीपाळीने पहारा दिला. विहिरींना पाणी आले. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. तेथेही मला महत्त्वाचा वाटतो तो पहारा.

हे त्रैमासिक वसईतही वाचले जाते, म्हणून वसईविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या समाजाने महाराष्ट्राला जे थोडेफार शिकवले त्यात हरित वसईच्या चळवळीचा क्रम फार वरचा लागेल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी उभे राहिले तेव्हा ‘निसर्गाधारित उपाय’ हा शब्द जन्मलाही नव्हता. त्यांनी बोट ठेवले ते बावखलांवर. वाडीवाडीतली ती लहान तळी म्हणजे वसईची खरी पाणीपुरवठा योजना होती. पावसाळ्यात ती भरत, समुद्राकाठच्या वालुकामय भूमीत गोडे पाणी मुरवीत, खारे पाणी आत येऊ देत नसत, आणि रहाटाने त्यांतले पाणी केळीच्या, पानवेलींच्या, फुलांच्या बागांना मिळे. फादर २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्यांच्या हयातीतच, जुलै २०१८ च्या पावसात, वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात उभे राहिले, मिठागरात शेकडो माणसे अडकली आणि मग महापालिकेने नीरी व आयआयटी यांच्या तज्ज्ञांना कारणे शोधावयास सांगितले. तज्ज्ञांनी शोधावे, अवश्य शोधावे. पण बावखले कोणी बुजवली? ‘बिल्डरने’ हे उत्तर अपुरे आहे. भराव टाकणारा ट्रक बाहेरचा होता; त्याला फाटक उघडून देणारे हात पुष्कळदा घरचेच होते. मोर्च्यात घोषणा देणारे आणि सातबारा हस्तांतरित करणारे एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकत होते, हे आपण आपसांत तरी बोलू या.

आक्षेप येतील, आणि यावेत. पहिला आक्षेप असा, की सांडपाण्याच्या नाल्याजवळ निसर्गाचे कौतुक चालत नाही. नाला झाकलाच पाहिजे. कोलकात्याच्या पूर्वेला १२,५०० हेक्टरांची पाणथळ भूमी आहे. त्या महानगराचे सांडपाणी तेथील उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळाच्या योगाने शुद्ध होते, त्यावर मासे पोसले जातात, भाजी पिकते. कोळी-शेतकऱ्यांचे हे ज्ञान ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने आयुष्य वेचून जगापुढे मांडले आणि २००२ साली त्या भूमीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जळगावात कोलकाता करा असे मी म्हणत नाही. तेवढी जागा आणि तेवढे पाणी येथे नाही. पण नाला झाकला की घाण नाहीशी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते, आणि पुढच्या गावाच्या नदीत जाऊन उघडी पडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चीनने २०१५ पासून ‘स्पंज शहरे’ उभारली, आणि तरी जुलै २०२१ मध्ये झेंगझौ येथे तासाभरात २०० मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा शेकडो माणसे गेली. खरे आहे. गवत आणि तळी यांनी प्रलय थोपत नाही. पण आपल्याकडचे पाणी तुंबते ते प्रलयाने नव्हे, आषाढातल्या साध्या सरीने. तिचा तरी बंदोबस्त करू.

आणि आता ज्या अंगणासाठी हा लेख लिहावयास घेतला तिकडे येतो. महापालिकेला, बिल्डरला, मंत्र्याला बोल लावणे सोपे आहे आणि वाचकाला ते आवडतेही. परंतु शहरांच्या मध्यभागी मोठ्या मोकळ्या जागा आज कोणाच्या ताब्यात आहेत? रेल्वेच्या, सरकारी कचेऱ्यांच्या, आणि संस्थांच्या. या संस्थांत आपली चर्चे आहेत, शाळा आहेत, मठ, वसतिगृहे, दवाखाने, दफनभूमी आहेत. आपण संख्येने मूठभर, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मिशनऱ्यांनी त्या काळच्या गावकुसाबाहेर घेतलेल्या जमिनी आज कितीतरी गावांत भर शहरात आल्या आहेत. त्यांवर चिंचा होत्या, निंब होते, बांधीव विहीर होती. तिथे आज काय आहे?

खानदेशाबाहेरच्या एका धर्मग्रामातली हकीकत सांगतो. नाव सांगणार नाही. सांगितले तर वाचक त्या गावाला हसतील आणि आपल्या अंगणाकडे पाहणार नाहीत. महोत्सवी वर्ष जवळ आले होते. एका दात्याने मोठी देणगी दिली आणि चर्चच्या पुढचे सगळे मैदान लाल-पिवळ्या ब्लॉकांनी मढवण्याचे ठरले. दोन जुन्या चिंचा पाचोळा फार पाडतात म्हणून गेल्या. विहिरीवर मुलांच्या सुरक्षिततेसाठी स्लॅब पडला. पुढच्या वर्षी पवित्र मातेची ग्रोटो बांधली आणि तिच्या खडकांतून झुळझुळणारा झरा केला. तो झरा टँकरच्या पाण्यावर चालतो. त्याच्यापासून तीस पावलांवर, स्लॅबखाली, विहीर आहे. मे महिन्यात सायंकाळच्या मिस्सेला भाविक त्या मैदानातून चपला काढून चालू शकत नाहीत. दिवसभर तापलेले ब्लॉक रात्री नऊपर्यंत उष्णता ओकत असतात. आत पंखे वाढवले आहेत. वातानुकूलनासाठी देणग्या गोळा होत आहेत.

हे वर्णन वाचून ज्यांना आपले धर्मग्राम आठवले नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत आणि पुढचे पान उलटावे.

इतरांना मी विचारतो, ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली दिले. दहा वर्षांत त्याच्या अभ्यासवर्गांना आपण किती वेळा चहा प्यालो? भित्तिपत्रके केली, पथनाट्ये बसवली, ५ जूनला रोपे लावली. परिपत्रकाचे वाचन ज्या मांडवाखाली झाले त्या मांडवाचे खांब रोवण्यासाठी मैदानात माती शिल्लक नव्हती, ते वाळूच्या डब्यांत उभे करावे लागले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. आपण मशागतीचे समारंभ केले आणि राखण वगळली. पाटकरी या शब्दाला बायबलात स्थान असते तर ते तेथे असते.

मला ठाऊक आहे, पावसाळ्यात चिखल होतो. लग्नाच्या दिवशी वधूच्या पांढऱ्या झग्याची काळजी असते, म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात, गाड्या रुतू नयेत असे वाटते. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. म्हणून फाटकापासून दारापर्यंत, आणि मिरवणुकीच्या वाटेने, पक्की फरशी असावी. चाकाच्या खुर्चीला उतार असावा. मोटारींना मुरूम पुरतो. उरलेल्या तीन चतुर्थांश जागेला आपण फरशी घालतो ती चिखलासाठी नव्हे. ती घालतो कारण झाडलोट सोपी होते, आणि कारण फरशी दिसते. देणगीदाराचे नाव कोरावयास तिच्यात दगड बसवता येतो. मुरलेल्या पाण्यावर कोणाचे नाव कोरणार? डासांची भीती घालणाऱ्यांना एवढेच सांगतो, की डास मुरत्या पाण्यात होत नाहीत. ते होतात तुंबलेल्या पन्हळीत, कूलरच्या टाकीत आणि त्या ग्रोटोच्या झऱ्यात.

तेव्हा येत्या वर्षी प्रत्येक धर्मग्रामाच्या पालकीय मंडळाने एकच ठराव करावा, आणि तो वृक्षारोपणाचा नसावा. आवाराचा नकाशा काढावा. पाऊस कोठून येतो, कोठे वाहतो, कोठे बाहेर पडतो हे एका जोराच्या सरीत छत्री घेऊन उभे राहून पाहावे; त्याला अभियंता लागत नाही, दहावीतली दोन मुले पुरतात. कोणते झाड किती जुने हे वहीत लिहावे आणि वही जन्ममरणाच्या नोंदवहीशेजारी कपाटात ठेवावी. मग एका कुटुंबाला वर्षभरासाठी पाटकरी नेमावे, आणि चर्चच्या निधीतून त्याला मोबदला द्यावा. फुकटच्या सेवेला कोणी जाब विचारीत नाही, आणि जाब नसेल तर वैशाखात रोप मरते. छपराच्या पागोळ्या शोषखड्ड्यात उतरतात की रस्त्यावर, निंबाची आळी भरली की नाही, धर्मगुरूंनी कोणाला न विचारता फांदी तोडवली काय, हे सर्व त्याने वर्षातून चार वेळा मिस्सेनंतर सर्वांपुढे वाचून दाखवावे. धर्मगुरू बदलून जातात, दर पाच-सहा वर्षांनी नवा येतो आणि नवी हौस आणतो. पाटकरी गावचाच राहतो. असोद्याच्या शिवारात ज्यांनी प्लॉट घेतले त्यांनी आपल्या वसाहतीच्या खुल्या जागेसाठीही असाच एक माणूस नेमावा, शेजारी कोणत्याही धर्माचा असो, आणि तिच्यावर पहिला ट्रक रिकामा होण्यापूर्वी नेमावा.

ज्यांच्या आवारात स्लॅबखाली विहीर आहे त्यांनी मात्र ठरावाची वाट पाहू नये. स्लॅब फोडावयास दोन मजूर आणि एक दिवस पुरतो. वर लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे मुलांची चिंता नको. गाळ काढावयास आठवडा लागेल, आणि त्यात पहिल्यांदा दुर्गंधी येईल, शेजारी तक्रार करतील. गाळ उन्हात वाळवून निंबांच्या आळ्यांत घालावा. हे काम मृगाच्या आधी व्हावे लागते. एकदा पाऊस लागला की मजूर शेतावर जातात.